पैऱ्याचा बैल

त्या साली हस्ताचं पाणी उशिरा पडलं, पण पडलं. दोन रात्री पडून तिसऱ्या सकाळी आभाळ इतकं स्वच्छ झालं, की पाऊस येऊन गेला हे फक्त ओढ्याच्या गढूळ पाण्यावरनं कळत होतं. खाली कडेगावकडं उसाचा मुलूख. तिथं एवढ्या पावसाचं कुणाला काही वाटलं नसतं. बोरओढ्याच्या माळावर मात्र वर्षाचा शाळू या एका पाण्यावर ठरायचा.

उघडीप पडल्यावर अर्जुना सकाळीच हाडकीत गेला. वाकून मूठभर माती उचलली, दाबली, तिचा गोळा केला आणि कमरेएवढ्या उंचीवरनं सोडला. गोळा पडला आणि फुटला. त्यानं दुसरीकडं जाऊन पुन्हा तसंच केलं. तिथंही फुटला. वाफसा आला होता; रान पेरायजोगं झालं होतं.

हाडकी म्हणजे महार वतनातली जुनी जमीन. तीन एकर. वीतभर माती आणि खाली मुरूम. तिचा खालचा काळा तुकडा दोन पिढ्यांमागं मराठ्यांच्या आळीतल्या नानासोच्या घराकडं गेला होता. कसा गेला ते आता कुणालाच धड सांगता येत नव्हतं. त्यात नानासोची विहीर होती. अर्जुनाची मुलगी प्रियदर्शनी विट्याच्या कॉलेजात जायची. ती या रानाला 'हाडकी' म्हणत नसे, 'वरचं शेत' म्हणे. अर्जुना दोन्हीला ओ द्यायचा.

बायको चंद्राबाई मागनं आली.

"आला का?"

"आलाय. पर आज-उद्याचा खेळ हाय. खाली मुरूम, कवर धरंल?"

"आन हिंदुराव आबांचं रान?"

"काळं हाय ते. अजून पाय रुततूय. आठ दिस ओल सोडायचं न्हाई."

"मग सांगा की त्यांस्नी, औंदा आमचं पयलं म्हणून."

अर्जुना हातातली माती झाडत राहिला.

"सांगणार हाय का न्हाई?"

"बघू."

"काय बघू? गेल्या साली असंच बघू बघू म्हणत मागनं पेरलं. निम्मं उगावलं न्हाई. कडब्याची गंज दिवाळीपतोर बी पुरायची न्हाई. औंदा कडबा झाला न्हाई तर कोसाला काय माझं लुगडं खायला घालताय? आन बैल गेला की पैरा गेला. मग हायच दुसऱ्याच्या बांधावर राबायचं."

 कोसा हा अर्जुनाचा एकच बैल. अर्धेलीनं सांभाळलेल्या गाईचं हे खोंड त्याच्या वाट्याला आलं होतं. मराठ्यांच्या आळीतल्या हिंदुरावचाही एकच बैल, हरण्या. त्याचा दुसरा भावांच्या वाटणीत गेला होता. एका बैलाला पेरणीची पाभर ओढवत नाही. म्हणून दोघांनी पैरा धरला. दोन घरांचे दोन बैल एका जुवाखाली, आणि दोघांची रानं पाळीनं. कोसा उजव्या अंगाला, हरण्या डाव्या. सांजेला जू उतरलं की कोसा आपल्या वाटेनं बौद्धवस्तीत, हरण्या आपल्या वाटेनं वर आळीत.

जुवाखाली दोघं सारखे होते. बाकी मात्र तसं नव्हतं. अर्जुना आणि हिंदुराव एका वयाचे. अर्जुना त्याला 'आबा, तुमी' म्हणायचा आणि हिंदुराव त्याला 'अर्जुना, तू'. हिंदुरावचं रान आठ एकर आणि ते नेहमी पहिलं. असं कुणी ठरवलं नव्हतं. पाभर हिंदुरावची होती, एवढंच कारण कुणी विचारलं तर सांगता आलं असतं. हिंदुरावच्या रानात दुपारची भाकरी त्याची बायको आक्काताई आणायची आणि अर्जुनाच्या ओंजळीत वरनं सोडायची. अर्जुनाच्या रानात पेरणी असली की चंद्राबाई दोघांची भाकरी करायची, आणि त्या दिवशी हिंदुरावचा नेमका उपास असायचा. सोमवार असो, बुधवार असो. "आज उपास हाय चंद्राबाई," असं तो म्हणायचा, ती "बरं" म्हणायची, आणि ती भाकरी कोसाला जायची.

दुपारी अर्जुना ओढ्यावर गेला. हिंदुराव हरण्याला धूत होता. एका गुडघ्यानं तो अधू झाला होता, त्यामुळं पाण्यात वाकडाच उभा होता. आसपास कुणी नव्हतं.

"रामराम आबा."

"ये रं. आला का वाफसा तुझ्यात?"

"आलाय."

हिंदुरावनं बैलाच्या पाठीवर पाणी मारलं. अर्जुनाही नकळत पाण्यात उतरला आणि दुसऱ्या बाजूनं हरण्याला चोळू लागला. दोघं त्याला धूत राहिले.

"आबा, एक बोलू का?"

"बोल की."

"न्हाई, तसं काय न्हाई..."

"औंदा तुझं पयलं पेरायचं, असंच नव्हं?"

अर्जुनाचा हात थांबला.

"मला काय कळत न्हाई व्हय रं? मुरमाचं रान आदी, काळं मागनं. माझा बा बी सांगायचा." हिंदुराव हसला. "पर त्येनं बी कवा केलं न्हाई." मग त्यानं वर आळीच्या वाटेकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "उद्या तांबडं फुटायच्या आत मी वड्यावड्यानं येतो. हरण्या आन पाभर, दोनी घिऊन. तू घरला येऊ नगंस. रानातच थांब."

"पाभर मी आणली असती..."

"थांब म्हणलं तर थांब. कळलं का?"

"कळलं."

त्या संध्याकाळी चंद्राबाईनं बियाणं पाखडून ठेवलं. गाडग्यात वर्षभर राखेत जपलेला शाळू, मोत्यासारखा. प्रियदर्शनीनं बापाचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"मान्य झाले म्हणजे आबा? असे सरळ?"

"मानूस वाईट न्हाई गं."

"वाईट कुठं म्हणते मी? पण ओढ्यानं का येणार? वाटेनं का नाही?"

अर्जुना कोसाच्या गळ्यातला दोर तपासत होता. त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. "गुडघा धरलाय त्येंचा. पाभर खांद्यावर घिऊन त्या दगडागोट्यातनं कसं येणार? पडलं-बिडलं म्हंजे?"

"पडंना का," चंद्राबाई म्हणाली. "थांबा म्हणलंय न्हवं? मग थांबायचं."

अर्जुना थांबला नाही. पहाटे उठला, कोसाला सोडलं आणि चंद्राबाईला म्हणाला, "तू बियाणं घिऊन हो फुडं. मी आलोच." तिला वाटलं, बैलाला पाणी दाखवून येईल. पण त्याचे पाय आळीच्या वाटेला लागले. आबानं पाभर वाहून आणायची आणि आपण रानात हात बांधून उभं राहायचं, हे त्याला कसंतरीच वाटत होतं. आजवर पाभर त्याच्याच खांद्यावरनं गेली होती. त्याच्या बापानंही दुसऱ्याचं अवजार आपल्याच खांद्यावरनं नेलं होतं.

हिंदुरावच्या अंगणात तो पोहोचला तेव्हा नुकतं दिसू लागलं होतं. हिंदुराव दावं हातात घेऊन हरण्याजवळ उभा होता. पाभर भिंतीला टेकवलेली होती. शेजारच्या सोप्यावर त्याचा चुलतभाऊ नानासो, गावच्या सोसायटीचा चेअरमन, तोंडात मिश्री धरून बसला होता. अंगण एकच, मधे नुसता कठडा.

अर्जुनाला बघून हिंदुरावचा चेहरा उतरला. हे अर्जुनाला दिसलं, पण का ते उमगलं नाही.

"आबा, पाभर मी घेतो. तुमचा गुडघा," तो म्हणाला, आणि त्यानं पाभर उचललीही.

नानासो पिंक टाकून म्हणाला, "कुठं न्हेतूयास रं पाभर? हिंदूच्या रानात तर अजून चिखूल हाय."

अर्जुनानं हिंदुरावकडं पाहिलं. हिंदुरावनं हरण्याच्या शिंगाकडं पाहिलं.

"का हाडकीत?" नानासो हसला. "आता मराठ्यांनी मागनं पेरायचं व्हय हिंदू? बरं हाय. उद्या त्येंच्या रानात खुरपायला बी जाऊ या."

आत आक्काताईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"हाडकीत कशाला?" हिंदुराव म्हणाला. "आपल्याच काळ्या पट्टीत चाललूय. वरच्या अंगाला सुकलीया."

मग अर्जुनाकडं न बघता त्यानं दावं ओढलं. "चल रं."

अर्जुना पाभर खांद्यावर घेऊन, कोसाला ओढत मागोमाग चालू लागला. वाटेत ओढ्याचं वळण आलं. तिथं हिंदुराव दात आवळून म्हणाला, "तुला थांब म्हणलं हुतं."

"गुडघा दुखतूय तुमचा म्हणून..."

"गुडघा माझा दुखत हुता न्हवं?"

हाडकीत चंद्राबाई बियाण्याची पाटी घेऊन बसली होती. ऊन वर आलं तरी बसली होती. पलीकडच्या हिंदुरावच्या काळ्या रानात जोडी फिरताना दिसली तेव्हा तिनं पाटीवर फडकं टाकलं. तरीही ती तिथंच बसून राहिली, कारण उठून घरी गेलं की ते खरं झालं असतं.

हिंदुरावचं रान ओलं होतं. पाभरीच्या दातात चिखल अडकत होता. पाभरीवरच्या बी सोडायच्या चाड्यावर पहिला फेरा हिंदुरावनं धरला. घरधन्याची मूठ म्हणून तो नेहमीच धरायचा. मग चाडं अर्जुनाकडं आलं आणि पुढचं सगळं रान त्याच्या मुठीनं पेरलं जाऊ लागलं. मूठ सैल सोडून बोटांतनं दाणा दाणा सांडायचा, बैलाच्या पावलाबरोबर. हात आपसूक चालत होता. मन हाडकीत होतं. दर दोन-चार फेऱ्यांनी पाभर उलटी करून चिखल काढावा लागे. अजून चार दिवसांनी हेच काम निम्म्या कष्टात झालं असतं. ते दोघांनाही कळत होतं, दोन्ही बैलांनाही कळत असावं.

दुपारी आक्काताई आली. भाकरी अर्जुनाच्या ओंजळीत वरनं पडली. भाकरीवर पिठलं होतं, ते मनगटावरनं ओघळलं आणि त्यानं ते चाटून घेतलं. बांधावर नानासो येऊन बसला होता.

"अर्जुना, तुमचं ब्येस हाय गड्या. सवलती हायती. पोरगं लागलं की कंपनीत."

"शिरवळला पेट्या उचलतंय मिलिंद. कंत्राटदाराकडं. त्याला सवलत कसली, पाठ तेवढी लागती."

"आन आमचा कृष्णात बर्फात हुबा हाय. त्येचं कोण बोलत न्हाई."

"व्हय, ते बी पाठीचंच काम," अर्जुना म्हणाला.

आक्काताईनं पदर सावरला. तिचा कृष्णात आणि मिलिंद एकाच दिवशी कोल्हापूरला लष्कराच्या भरतीला गेले होते, एकाच एसटीनं. दोघं सारखेच धावले. मिलिंदची छाती भरली नाही. पोरं परत आल्यावर ती म्हणाली होती, "छाती दुधानं भरती बाबा. आमच्यात दुभतं हाय." ते तिनं मायेनंच म्हटलं होतं. आता कृष्णातच्या मनिऑर्डरीनं हिंदुरावच्या घरावर पत्रा जाऊन स्लॅब पडला होता.

त्या दुपारनंतर वारं फिरलं. उगवतीकडनं कोरडं, खरखरीत वारं सुटलं. अर्जुनाच्या ओठांना ते आधी कळलं.

सांजेला अर्जुना घरी आला. चंद्राबाईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि पाठ फिरवली. प्रियदर्शनी म्हणाली, "आप्पा, उद्या कोसाला सोडू नका."

"म्हंजी?"

"बैल आपला आहे. एका बैलानं त्यांचंही चालणार नाही. येतील आपोआप वरच्या शेतात."

अर्जुनानं घास थांबवला. हे त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. "अर्धी पेरलेली पट्टी सोडून बैल घरात बांधायचा? मग फुडल्या साली ह्या गावात माझ्याशी पैरा कोण करंल? आबाला भावकी हाय. नानासोचा ट्रॅक्टर हाय. त्येंचं अडणार न्हाई. अडंल ते माझंच."

"मग असंच..."

"पुरी, जुवाखालनं एकदा बैल काढला की दुसऱ्या बैलाचा मालक जल्मभर ध्येनात ठिवतो."

 बापाचं म्हणणं तिला पटलं नव्हतं. पण त्यात चूक कुठं आहे तेही तिला सांगता येईना.

आठ एकर होईपर्यंत वारं पडलं नाही. अर्जुना रोज सकाळी कोसाला वर नेताना हाडकीतनं जायचा आणि मूठ दाबून बघायचा. आधी गोळा व्हायचा, मग होईना, मग बोटांतनं नुसती माती गळू लागली. बैल खंगले. हरण्याच्या मानेवर जुवानं सोललं, तिथं आक्काताईनं हळद लावली. तशीच चिमूटभर तिनं कोसासाठी पानात बांधून अर्जुनाच्या अंगाकडं टाकली.

हिंदुरावचं रान झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी दोघं हाडकीत गेले. या वेळी हिंदुरावनं हट्टानं पाभर स्वतः खांद्यावर घेतली आणि उजाडल्यावर, भर वाटेनं, लंगडत आणली. आता त्याला कुणी हटकलं नाही. मागनं पेरायला जाणाऱ्याला कोण हटकतं?

बैल जुंपले. पाभर रेटली. फण मातीत शिरेना. शिरला तेव्हा खालनं ढेपा वर आल्या आणि मुरमाचे खडे खणखणले. अर्जुनानं तासात, फणानं पाडलेल्या सरीत, बोट घातलं. पेरापर्यंत गेलं, तरी ओल लागली नाही. एक तास पडलं, दुसरं पडलं. मागं पडलेले दाणे उघडे दिसत होते. चिमण्या बांधावर येऊन बसल्या होत्या.

"पेरू या तरी," हिंदुराव म्हणाला. "एकादी सर यील."

"यील," अर्जुना म्हणाला.

चंद्राबाई पाटी घेऊन उभी होती. चाडं रिकामं झालं तसा अर्जुनानं हात पुढं केला. तिनं पाटी दिली नाही.

"दे की."

"न्हाई. चिमण्यांस्नी घालायला न्हाई ठिवलेलं. ह्येचं दळण करीन मी."

"बियाणं हाय ते चंद्रा."

"हुतं."

तिनं पाटीवरचं फडकं घट्ट बांधलं. अर्जुनानं बैल थांबवले. जू मानेवरच होतं, दोघं बैल तसेच उभे राहिले. हिंदुराव बांधावरच्या बोरीखाली जाऊन बसला. गुडघा दोन्ही हातांनी धरून तो खाली बघत होता. मग म्हणाला, "चंद्राबाई, भाकरी आणलीया का?"

चंद्राबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "आणलीया. पर आज उपास आसंल तुमचा."

"आज न्हाई उपास."

तिनं भाकरीचं फडकं सोडलं. भाकरी त्याच्या हातावर ठेवली; वरनं सोडली नाही. हिंदुराव खाऊ लागला. त्यानं सगळी भाकरी खाल्ली आणि तिच्या तांब्यातलं पाणीही प्याला. ओढ्याच्या त्या वरच्या अंगाला बघायला कुणी नव्हतं.

"भाकरी खाल्ली म्हणून वाफसा माघारी येत न्हाई आबा," चंद्राबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अर्जुनाला बरं वाटलं असतं.

सर आली नाही. त्या दोन तासांत पडलेलं बियाणं पाखरांनी नेलं.

पौषात हिंदुरावचा शाळू पुरुषभर उंच झाला होता. कणसं भरली, हुरड्याला कृष्णात रजेवर आला. हाडकीत काटेकोळशीचं तण उगवलं होतं. अर्जुनाची कडब्याची गंज दिवाळीआधीच संपली होती. चंद्राबाई ओढ्याकाठचं गवत उपटून आणायची, नंतर तेही वाळलं. कोसाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मिलिंद शिरवळहून आला. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "इका आप्पा ह्याला. हाडं राहिल्यावर कोण घेणार?"

"इकायचा म्हंजे कुणाला?"

कोसाला खरसुंडीच्या बाजारात न्यायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी हिंदुराव दारात आला. बौद्धवस्तीत तो प्रथमच आला होता. त्याला घर कुठलं ते विचारावं लागलं.

"बाजारला न्हिऊ नगंस," तो म्हणाला. "खाटीक घिऊन जातील. माझ्यात दे. कडबा मोप हाय. हरण्याला सवय हाय त्येची."

अर्जुना उंबऱ्यावर बसून राहिला.

"भाव बाजाराचा दीन. एक पै कमी न्हाई."

आणि खरोखरच त्यानं कमी दिलं नाही. बोलणं चालू असताना चंद्राबाई आतनं बाहेर आली नाही. प्रियदर्शनीनं कोसाच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून घेतली. तेवढी घरात राहिली.

पुढल्या साली हस्त वेळेवर पडला. अर्जुना आता हिंदुरावकडं सालानं गडी होता. पाभर आणायला अंगणात गेला तेव्हा नानासो सोप्यावर होता. मिश्री तीच, जागा तीच.

"नाना," हिंदुराव मोठ्यानं म्हणाला, "आज ह्येची हाडकी पेरून घेतो आदी. मुरमाचं रान हाय."

"घे की," नानासो म्हणाला. "आपल्या गड्याचं रान. पेरून देयाला नगं व्हय?"

अर्जुना भिंतीपाशी गेला. त्यानं पाभर खांद्यावर घेतली. कोसा आणि हरण्या, दोन्ही बैल एकाच गोठ्यातनं निघाले. हाडकीत वाफसा असा होता, की पाभर लोण्यातनं जावी तशी गेली. सांजेपर्यंत निम्मं रान झालं. उरलेलं दुसऱ्या दिवशी. तीन एकरांत एकही तास कोरडं पडलं नाही. हिंदुराव आला नव्हता. त्याला यायचं कारण नव्हतं. चंद्राबाईनं बियाणं दिलं, चाड्यावर मूठ धरली, आणि पहिल्या दिवशी दिवसभरात तिनं एकदाच विचारलं, "सांजच्याला बैल वर पोचवायचं का?"

"व्हय."

त्या सांजेला अंधार पडायच्या आधी अर्जुनानं जू उतरवलं. हरण्या ओढ्याच्या वळणावर आपणहून वर आळीकडं वळला. कोसा थांबला. मग मान हलवत तो खालच्या वाटेला लागला, बौद्धवस्तीकडं. नऊ-दहा महिने दुसऱ्याच्या दावणीला खाऊन तो चांगला भरला होता, पाठ चमकत होती. पण पेरणीच्या दिवसाची सांज त्याच्या पायांना ठाऊक होती. अर्जुनानं हाक मारली. तो थांबला नाही. अर्जुना धावत गेला, वेसण धरली आणि ओढली. कोसानं एकदा जोर केला. त्याच्या नाकातला श्वास अर्जुनाच्या मनगटावर गरम लागला.

"तिकडं न्हाई रं," अर्जुना म्हणाला. "तिकडं न्हाई आता."

त्यानं बैलाचं तोंड वर वळवलं, आणि दोन्ही बैलांच्या मागनं पाभर खांद्यावर घेऊन तो हिंदुरावच्या गोठ्याकडं चालू लागला.